मिस्त्रीच्या छातीतला व्हॉल्व्ह

देवळाली प्रवरात कुणाची पाण्याची मोटार जळाली की ती माझ्या दुकानात येते. मी बिभीषण शेटे, वय सत्तेचाळीस, मोटार रिवायंडिंगचा मिस्त्री. जळालेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, मोटार फिरवून द्यायची. हे काम मी पंचवीस वर्षं केलं आणि या पंचवीस वर्षांत माझी अशी खात्री पटत गेली, की जगात जे जे फिरतं, उघडतं किंवा मिटतं, त्यातलं मला सगळं कळतं. ‘नाव बिभीषणाचं, अक्कल कुंभकर्णाची,’ असं माझी आई छबूबाई म्हणते. पूर्वी मला याचा राग यायचा.

माझ्या हृदयाची गोष्ट सुरू झाली ती मी अकरा वर्षांचा असताना. घसा धरला, ताप आला, मग गुडघे सुजले. चार दिवसांनी गुडघे उतरले आणि घोटे सुजले. राहुरीच्या डॉक्टरांनी आईला बजावलं, “सांधे बरे होतील, पण हा ताप परत परत आला तर हृदयाच्या झडपा खराब करतो. याला दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन द्यायचं. विशी ओलांडेपर्यंत.”

ते इंजेक्शन असं होतं, की घेतल्यावर दोन दिवस त्या अंगावर बसता यायचं नाही. पहिली पाच मी घेतली. सहाव्याच्या दिवशी आमच्याच उसात जाऊन बसलो. आई बांधावरनं हाका मारतीय, “बिभ्या, आरं दवाखाना बंद व्हईल!” आणि मी सरीत उकिडवा बसून पाचट अंगावर ओढून घेतोय. दोन-तीनदा असं झाल्यावर आई कंटाळली. विड्या वळायचं काम, घरची गुरं, शेत, आणि त्यात उसात लपलेलं पोर शोधायचं, तिनं तरी किती करावं? मला मात्र वाटलं, मी जिंकलो. कुणाला हरवलं ते पुढं तीस वर्षांनी कळलं.

२०१७ सालच्या उन्हाळ्यात आप्पासाहेबांच्या विहिरीत उतरलो होतो. आप्पासाहेब म्हणजे आमच्याकडचे जुने बागायतदार, पन्नास फुटी विहीर, कडेला लोखंडी पायऱ्या. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळत होता. आमच्याकडं त्याला सगळे फुटबॉलच म्हणतात. पाइपच्या तळाशी बसतो, पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. तो बदलला आणि वर चढायला लागलो. अर्ध्यावर आलो आणि दम संपला. म्हणजे लागला नाही, संपलाच. छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढं काजवे आले. मी पायरीला मिठी मारून उभा राहिलो.

वरून आप्पासाहेब ओरडले, “मिस्त्री, काय झालं?”

मी म्हणालो, “काही न्हाई. तुमच्या विहिरीचं बांधकाम बघतोय. लई जुनं हाय.”

दहा मिनिटं मी ते बांधकाम बघितलं. वर आल्यावर आप्पासाहेबांनी विचारलं, “मग? कसं हाय बांधकाम?” मी म्हणालो, “उत्तरेच्या बाजूनं गिलावा करून घ्या.” त्यांनी खरंच करून घेतला. त्या गिलाव्याची गरज नव्हती, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

पुढं सहा महिने मी दम लागण्याला नवी नवी कारणं देत राहिलो. आधी वार्निशचा वास, मग थंडी, मग वय. शेवटी एक दिवस खोकल्यातून रक्ताचा धागा आला आणि माझ्या बायकोनं, अश्विनीनं, तो पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही नगरला होतो.

नगरच्या दवाखान्यातल्या हृदयाच्या डॉक्टर म्हणजे नाझनीन मॅडम. वय माझ्याएवढंच, बोलणं शांत. त्यांनी छातीवरून ते सोनोग्राफीसारखं यंत्र फिरवलं आणि स्क्रीनवर दाखवलं. “ही तुमच्या हृदयाची डाव्या बाजूची झडप. हिनं नीट उघडायला पाहिजे. लहानपणच्या तापामुळं ही जाड झालीय, कडा चिकटल्यात. रक्त पुढं जात नाही, म्हणून मागं फुप्फुसात साठतं. ही बदलावी लागेल.”

मला एकदम बरं वाटलं. हे तर माझ्या धंद्यातलंच निघालं. मी अश्विनीला म्हणालो, “घाबरू नको. फुटबॉल बदलायचाय.”

मॅडमनी समजावलं, की झडपा दोन प्रकारच्या असतात. जनावराच्या ऊतीपासून केलेली झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते, पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. कृत्रिम यांत्रिक झडप खूप वर्षं टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. शिवाय दर महिन्याला रक्ताची तपासणी.

“यांत्रिक,” मी मध्येच म्हणालो. “स्टीलचीच ना?”

“नाही, मुख्य भाग कार्बनचा असतो.”

“कार्बन? मॅडम, मोटारीत कार्बनचेच ब्रश असतात. वर्षात झिजतात!”

“हा वेगळा कार्बन आहे,” त्या म्हणाल्या. “झडपेची काळजी तुम्ही करू नका. गोळीची करा.”

एवढं साधं वाक्य. पण मी त्या वेळी झडपेच्या पाकळ्या कोणत्या खाचेत फिरतात, हे विचारण्यात गुंतलो होतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये ऑपरेशन झालं. सरकारी योजनेत बसलं. छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारेनं शिवलं. तार कितव्या गेजची वापरली, हे मी शुद्धीवर आल्यावर विचारलं होतं म्हणे. मला आठवत नाही, पण मी विचारलं नसेल असंही म्हणवत नाही.

तीन महिन्यांत मी दुकानात. विहिरीत उतरायला बंदी होती, पण दम म्हणून लागायचा नाही. आणि छातीतून आवाज यायचा. टिक, टिक, टिक. झडप मिटली की बारीक टिक. गर्दीत ऐकू यायचा नाही, पण सगळं शांत झालं की स्पष्ट. गावातल्या एका वजनदार पुढाऱ्याच्या दशक्रिया विधीला नदीकाठी हजारभर माणूस बसलं होतं. सगळ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली आणि दोन मिनिटं स्तब्धता पाळायची होती. सगळे माना खाली घालून उभे. आणि माझी छाती आपली सुरू. पुढचा माणूस मागं वळून दबक्या आवाजात म्हणाला, “कुणाचं घड्याळ हाय रं?” शेजारी उभा असलेला खाजाभाई, माझा मित्र, त्याचं माझ्या दुकानाला लागून वेल्डिंगचं दुकान आहे, तो म्हणाला, “घड्याळ न्हाई. आमचा मिस्त्री हाय.” त्या दुःखात चार माणसं खांदे उडवून हसली. मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

मग मी प्रदर्शनच मांडलं. गिऱ्हाईक आलं की शर्टाची दोन बटणं काढायची आणि म्हणायचं, “ऐका.” लोक कान लावायचे, थक्क व्हायचे. दोन-तीन जणांना दम लागत होता, त्यांना मी स्क्रू ड्रायव्हरनं हवेत आकृती काढून हृदय समजावून सांगितलं. एकाला म्हणालो, “तुमचा सक्शनचा प्रॉब्लेम हाय.” त्या बिचाऱ्याला दमा होता.

गोळी रोज संध्याकाळी. दर महिन्याला राहुरीला रक्त द्यायचं. त्या तपासणीला आयएनआर म्हणतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचा तो आकडा. माझा अडीच ते साडेतीनच्या मध्ये पाहिजे होता आणि महिन्यामागून महिना तो तिथंच यायचा. पण गोळीचा एक त्रास होता. तांब्याची तार बोटाला नुसती लागली तरी रक्त थांबायला वेळ लागायचा. हातावर काळेनिळे डाग पडायचे. गिऱ्हाईकं विचारायची, “काय मिस्त्री, वहिनींनी मारलं काय?” दाढी करताना कापलं की कापूस लावून दुकानात बसायला लागायचं. कापूस लावलेल्या माणसाला ‘ऐका’ म्हणायला जमत नाही.

चौदा महिने झाले आणि माझ्यातला मिस्त्री बोलायला लागला. तो म्हणाला, अरे, आकडा चौदा महिने जागचा हलला नाही, म्हणजे सेटिंग बसलं. चालत्या मशिनीला उगाच कशाला हात लावायचा? विहिरीतला फुटबॉल पंधरा वर्षं चालतो, त्याला कधी कुणी गोळी दिली का? आकडा जागेवर होता तो गोळीमुळंच, हे शेंबड्या पोराच्या लक्षात आलं असतं. पण त्या वेळी दुकानात शेंबडं पोर नव्हतं. मी एकटाच होतो.

आधी एक दिवसाआड घेतली. महिनाभर काही झालं नाही. मग बंदच केली. अश्विनी रोज संध्याकाळी दुकानात चहाबरोबर गोळी आणून समोर ठेवायची. ती वळली की मी गोळी एका जुन्या मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये टाकायचो. वायरी जोडायची ती पत्र्याची छोटी डबी. राहुरीला रक्त द्यायला म्हणून निघायचो आणि मिसळ खाऊन यायचो. “किती आला?” तिनं विचारलं की, “दोन पॉइंट आठ,” म्हणायचो.

जूनमध्ये दुकानातून चहाच्या टपरीपर्यंत जाताना मी दोनदा थांबलो. आडवं झालं की घुसमटायचं, म्हणून भिंतीला टेकून बसायचो. अश्विनी जेवायला वाढत होती. ती मध्येच थांबली.

“अहो, तुमचा आवाज येत न्हाई.”

“कसला?”

“छातीतला. दोन दिवस झाले, मला येतच न्हाई.”

यावर मी काय म्हणालो ते लिहायला आज हात जड होतो, पण लिहितो. मी म्हणालो, “आता रुळली मशीन. नव्या बेअरिंगचा आवाज असतोच. बसल्यावर बंद होतो.”

मी, ज्याला रस्त्यावरून जाताना शेतातल्या मोटारीच्या नुसत्या आवाजावरून कोणतं बेअरिंग गेलं ते कळतं!

 ती उठून शेजारी खाजाभाईच्या घरी गेली आणि त्याला गाडीसकट घेऊन आली. मी म्हणालो, उद्या सकाळी जाऊ, आज दुपारी एका गिऱ्हाइकाची मोटार द्यायची आहे. खाजाभाई म्हणाला, “मोटार गेली खड्ड्यात. बस.” नगरच्या वाटेवर विळद घाट चढताना मला गाडीत बसल्या जागी दम लागत होता.  

नाझनीन मॅडमनी स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. “गोळी घेताय ना रोज?”

“घेतो की. रेग्युलर.”

“रोज घेतात मॅडम,” अश्विनी म्हणाली. “मी स्वतः हातात देते. एक दिवस चुकवला न्हाई मी.”

तासाभरात रिपोर्ट आला. आयएनआर एक पॉइंट एक. मॅडमनी कागद माझ्यासमोर धरला. मी म्हणालो, “मॅडम, मशीन तपासून घ्या. आकडा चुकत असंल.”

  तीच गोळी होती का, कंपनी बदलली का, मी उन्हात ठेवली का, माझंच काही चुकलं का, असं अश्विनी एकामागून एक विचारत होती. माझा गुन्हा ती स्वतःमध्ये शोधत होती. तेवढं मात्र मला बघवलं नाही.

“अश्विनी,” मी म्हणालो, “मीच बंद केली. दीड महिना झाला.”

 तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि बाकावर बसली.

मला एक्स-रेच्या टेबलावर घेतलं. स्क्रीनवर माझी झडप पहिल्यांदा हलताना दिसली. दोन पाकळ्या. एक उघडत होती, मिटत होती. दुसरी ढिम्म. मॅडम म्हणाल्या, “गुठळी धरलीय. गुठळी विरघळवायचं औषध सोडावं लागेल. त्यात रक्तस्राव होऊ शकतो, गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊ शकतो. पण छाती पुन्हा उघडणं आत्ता त्याहून धोक्याचं आहे.” त्या वेळी मी खाच विचारली नाही, गेज विचारला नाही. मी विचारलं, “मी मरतोय का?” मॅडम म्हणाल्या, “आम्ही तसं होऊ देणार नाही, असा प्रयत्न करतोय.” कागदावर अश्विनीनं सही केली.

औषध रात्रभर चाललं. सकाळी दूध प्यायला पेला उचलायला गेलो तर डाव्या हातातून निसटला. बोटं ऐकेनात. एक बारीक तुकडा वर जाऊन बसला होता. संध्याकाळपर्यंत हात बराचसा परत आला, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र आजही पूर्ण माझं ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अश्विनीला आत सोडलं. तिनं वाकून माझ्या छातीला कान लावला. बराच वेळ तशीच राहिली. मग उठून नर्सला म्हणाली, “आवाज येतोय.” मला काही म्हणाली नाही. पुढं चार दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण भरवलं, पाठ पुसली, औषधं दिली, सगळं न बोलता. ऑपरेशन मी दोनदा सोसेन. ते चार दिवस नको.

घरी आलो तेव्हा खाजाभाई रुमालाची पुरचुंडी घेऊन आला. दवाखान्यात मी जागा सांगितली होती, त्यावरून त्यानं टर्मिनल बॉक्स उघडला होता. “एकसष्ट,” तो म्हणाला आणि पुरचुंडी आईपुढं ठेवली. आईनं ती सोडून बघितली. मला वाटलं, आता शिव्या घालील. ती एवढंच म्हणाली, “ह्या खेपेला ऊस न्हाई घावला वाटतं लपायला.”

खरी पंचाईत दुकानात झाली. रिवायंडिंगला दोन्ही हात सारखे लागतात. केसासारखी तार, खाचेत एकेक वेढा मोजून बसवायचा. माझी दोन बोटं मध्येच सुटायची आणि तार गुंतायची. दोन मोटारी मी चुकीच्या भरल्या, त्या आठवड्यात जळून परत आल्या. तिसरी भरत असताना अश्विनी शेजारी बसली होती. म्हणाली, “सरका.” मी म्हणालो, “ही काय शेवई हाय का?” ती म्हणाली, “शेवईच हाय. फक्त तांब्याची.”

मी तोंडानं सांगायचो, ती हातानं करायची. सहा महिन्यांत तिनं मला गप्प बसायला सांगितलं. वर्षभरात गिऱ्हाईकं मोटार ठेवताना म्हणायला लागली, “मिस्त्री, वहिनींच्याच हातची वायंडिंग पायजे बरं का.” तिनं भरलेली मोटार परत येत नाही. माझ्या परत यायच्या, पण त्या येतात हा मला पंचवीस वर्षं नियमच वाटत होता. आता मी गंज घासतो, वार्निश मारतो, आणि गिऱ्हाईकांशी बोलतो. बोलण्याचं खातं अजून माझ्याकडं आहे.

मागच्या वर्षी नाझनीन मॅडमचा फोन आला. दवाखान्यात व्हॉल्व्ह बदललेल्या पेशंटांचा मेळावा होता. “तुमच्या केसबद्दल सांगितलं तर चालेल का? नाव घेणार नाही.” मी पुढचं नीट ऐकलंच नाही. म्हणालो, “मॅडम, सगळं सांगा. नाव पण घ्या!” माझी समजूत अशी, की मृत्यूच्या दारातून आलेला माणूस म्हणून माझा सत्कार आहे. नवा पांढरा शर्ट शिवला. फेटा बांधतील म्हणून केस बारीक केले. ‘व्हॉल्व्ह आणि मानवी जीवन’ अशा विषयावर दहा मिनिटांचं भाषण तयार केलं.

सभागृहात दीड-दोनशे माणसं. मॅडमनी पडद्यावर हिशोब मांडला. त्यांच्याकडं दहा वर्षांत यांत्रिक झडप बसवलेले किती, त्यातले बहुतेक जण कसे कामधंद्याला लागले, कुणी शेती करतं, कुणी शाळेत शिकवतं. काहींना रक्तस्राव झाला, बहुतेकदा मनानं दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्यामुळं. सात जणांची झडप अडकली. सातांपैकी पाच जणांनी औषध स्वतःच बंद केलं होतं. पाचांपैकी दोघं आज नाहीत.  मग पडद्यावर ओळ आली: ‘रुग्ण क्रमांक चार. वय बेचाळीस. मोटार मेकॅनिक. स्वतःच्या निष्कर्षावरून गोळी बंद.’ मॅडम म्हणाल्या, “यांनी नाव सांगायची परवानगी दिली आहे. श्री. बिभीषण शेटे. आज ते इथं आहेत, हेच महत्त्वाचं.”

मी उभा राहिलो. फेटा नव्हता. शेजारी अश्विनी तोंडाला पदर लावून हसत होती. त्या जूननंतर या विषयावर ती पहिल्यांदाच हसली, म्हणून मीही हसलो. भाषण खिशातच राहिलं.

चहाच्या वेळी एक बाई जवळ आली. रेश्मा, नेवाश्याची, ब्लाउज शिवायचं काम, दोन लेकरांची आई. पुढच्या महिन्यात तिचं ऑपरेशन होतं. तिनं सरळ विचारलं, “काका, गोळी का बंद केली हुती तुमी? खरं सांगा.”

मी सुरुवात केली, “त्याचं असंय, विहिरीतला फुटबॉल...” आणि थांबलो. तिनं चहाचा कप न पिताच बाजूला ठेवला होता. हिला मेकॅनिकचं भाषण देऊन काय उपयोग?

“खरं सांगू?” मी म्हणालो. “रोज ती गोळी बघितली की मला वाटायचं, मी पेशंट हाय. मला एक दिवस तरी पेशंट नसल्यासारखं राहायचं हुतं. बाकीचं सगळं मी नंतर जोडलं.”

हे मी अश्विनीलाही कधी सांगितलं नव्हतं. ती मागंच उभी होती.

रेश्मा म्हणाली, “मला बी तसंच वाटंल काय?”

“वाटंल,” अश्विनी पुढं होऊन म्हणाली. “वाटलं की मला फोन कर. यांना नको करू.”

रेश्माचं ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या महिन्यात ती मशीनवर बसली. ती फोन करते, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, रिपोर्ट आला की. अश्विनीचे हात तारेत असतात, म्हणून फोन मीच उचलतो. परवा म्हणाली, “काका, माझा दोन पॉइंट नऊ. तुमचा?”

लहान पोरीनं बाजी मारलेली बघवेना. मी म्हणालो, “दोन पॉइंट सहा.”

अश्विनीनं मोटारीतून मान वर केली नाही. तिथूनच मोठ्यानं ओरडली, “दोन पॉइंट एक गं रेश्मा! गोळी पावनं वाढवलीय मॅडमनी!”

तिकडून रेश्मा मला दहा मिनिटं बोलली. मी ऐकून घेतलं.